नाण्याएवढी उघडी जागा

गेली काही वर्षे देवीपुढे हात जोडले, की प्रार्थनेच्या आधी माझ्या मनात प्रश्न उभा राहत असे. तसा मी अश्रद्ध नाही. होळी गावातल्या आमच्या घरी वाडीतली पहिली फुले देवघरात जातात आणि मगच बाकीच्या टोपल्या वसईच्या बाजाराकडे निघतात, ही रीत मी लहानपणापासून पाहिली आणि पाळली आहे. पण माझे सारे आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेले. परिणाम दिसला की कारण शोधावे आणि कारण सापडेपर्यंत उत्तर लिहू नये, हे मी मुलांना इतकी वर्षे सांगितले, की ते माझ्याच हाडांत मुरले. माझ्या पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली आणि एक दिवसाआड डायलिसिसच्या यंत्राला तिचा हात जोडणे हा आमच्या संसाराचा क्रम झाला, तेव्हा मी देवीला ‘हिला सांभाळ’ म्हणण्याऐवजी ‘हिलाच का?’ असे विचारू लागलो. उत्तर येत नसे. मी नमस्कार करून परत फिरत असे, पण तो नमस्कार हजेरीपटावर सही केल्यासारखा होता.

तिचा मात्र देवीशी कधीच वाद झाला नाही. माझा चेहरा पाहून तिला सारे समजत असे. एकदा देवळातून बाहेर पडताना तिने मला विचारले, “अहो, तुम्ही दर्शनाला जाता, की देवीची तोंडी परीक्षा घ्यायला?” मी हसलो, पण ते वाक्य मनात राहिले.

आता आमच्या जीपविषयी सांगायला हवे, कारण ही हकीकत तिच्याच पोटात घडली. माझ्या वडिलांनी वाडीतली फुले आणि भाजी बाजारात नेण्यासाठी घेतलेली ती पेट्रोलवर चालणारी जुनी जीप आहे. लग्नानंतर माझी पत्नी याच जीपमध्ये बसून, मागे मोगऱ्याच्या रिकाम्या टोपल्यांच्या सोबतीने, आमच्या दारात उतरली. निवृत्तीनंतर जीपची निगा राखणे हा माझा छंद झाला. अशा जुन्या इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी वेळेवर पडावी, म्हणून पॉइंट नावाची एक छोटी जोडी असते. ती सतत उघडते आणि मिटते. प्रत्येक वेळी ती उघडली, की कॉइलमध्ये मोठ्या दाबाची वीज तयार होते आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. हे पॉइंट झिजतात, काळे पडतात आणि आमच्याकडच्या दमट हवेत वारंवार रुसतात. म्हणून मी ते काढून बाजारात मिळणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले होते. त्यात पॉइंटच्या जागी एक संवेदक येतो आणि इंजिनामागच्या पत्र्यावर एक लहानशी काळी पेटी बसते. वीज जोडण्या-तोडण्याचे काम ही पेटी करते. जोडणी मी स्वतः, आकृती समोर ठेवून केली होती आणि तिने मला कधी दगा दिला नव्हता.

दसऱ्याला आमच्याकडे कोयते, विळे, पाण्याचा पंप आणि जीप यांची पूजा होते. या दसऱ्याला पत्नीची प्रकृती बरी होती आणि पूजा तिच्या हातून व्हायची होती. मला वाटले, जीप तिने पहिल्यांदा पाहिली तशी दिसली पाहिजे. मी बोनेट उघडून आतले जेवढे सुटे करता येईल तेवढे सुटे केले. काळी पेटी उतरवली, तिच्यामागच्या पत्र्यावरचा गंज घासला, आधी अस्तराचा एक आणि मग हिरव्या रंगाचे दोन हात दिले. रंग चांगला वाळल्यावर पेटी पुन्हा जागेवर ठेवली आणि तिच्या काळ्या वायरचे गोल टोक बोल्टखाली धरून बोल्ट आवळला. बोनेटखाली कुणी डोकावत नाही, हे मला माहीत होते. पण देवी डोकावते, असे मी स्वतःशी म्हटल्याचे आठवते. पत्नीने बोनेटवर हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, भाताची लोंबी खोवली आणि हात मागे घेऊन बराच वेळ जीपकडे पाहत राहिली. मला धन्य वाटले.

दिवाळी जवळ आली तशी तिने वज्रेश्वरीच्या ओटीची गोष्ट काढली. दरवर्षी आमच्या घरची ओटी दिवाळीच्या आत देवीला पोहोचते, आणि ती जीपनेच पोहोचते. पण त्या आठवड्यात तिचे डायलिसिस रक्तदाब उतरल्यामुळे अर्ध्यावर थांबवावे लागले होते. अंगातले पाणी पुरते निघाले नव्हते. पुढची पाळी शुक्रवारी दुपारी होती आणि ती चुकवायची नाही, लांबवायचीही नाही, असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते. बोळिंजला राहणाऱ्या आमच्या मुलीने फोनवर आईला समजावले, की दिवाळी झाल्यावर आपण माझ्या गाडीने आरामात जाऊ. आईने सगळे ऐकून घेतले आणि शुक्रवार हा देवीचा वार असल्याने सकाळीच निघू, म्हणजे दुपारच्या आत परत येऊ, असा निकाल दिला. मी विरोध केला नाही. सकाळी निघालो तर वेळ पुरेसा होता. तो मी नीट मोजून पाहिला होता.

देवळाच्या पायऱ्या चढणे तिला शक्य नव्हते. ती खाली जीपमध्येच बसली आणि ओटीचे ताट तिने माझ्या हाती दिले. नारळ, खण, तांदूळ आणि आमच्या वाडीतली जास्वंद. वर गाभाऱ्यासमोर ताट ठेवून मी मान वाकवली, तेव्हाही तोच प्रश्न उभा राहिला. मी तो विचारला आणि नेहमीसारखाच काही न मिळता खाली आलो. ती देवळाच्या दिशेने हात जोडून बसलेली होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा असा होता, की तिला हाक मारायला मला संकोच वाटला. पावलांवर सूज मात्र दिसत होती. चपलेचा पट्टा रुतला होता.

परतताना मुख्य रस्त्यावर कामामुळे डंपरची रांग लागलेली दिसली. वेळ जाऊ नये म्हणून मी पारोळच्या बाजूने एका आतल्या रस्त्याला वळलो. दोन्ही बाजूंना पिकलेली भातशेती, मध्येच सागाची झाडी, आणि रस्ता खड्ड्यांचा. अशाच एका खड्ड्यात पुढचे चाक आदळले आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडले. अडखळले नाही, खोकले नाही. फुंकर मारून समई विझवावी तसे गप्प झाले.

माणूस घाबरला, की त्याची सवय पुढे होते. माझी सवय पायरीपायरीने जाण्याची. इंजिन एकदम बंद पडले म्हणजे दोष बहुधा विजेचा, कारण पेट्रोल संपत आले तर गाडी आधी धक्के देते. तरीही पेट्रोल तपासले. ते येत होते. हॉर्न खणखणीत वाजत होता आणि सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. पत्नी सरकून चालकाच्या जागेवर बसली होती आणि उजव्या हाताने किल्ली धरून माझ्या हुकमाची वाट पाहत होती. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुया लागतात म्हणून तो तिने मांडीवर जपून ठेवला होता.

“सर, मारू का सेल्फ?” तिने विचारले. शाळेतल्या मुलांसारखे ‘सर’ म्हणणे ही तिची जुनी थट्टा.

मी प्लगची वायर काढून, कोरड्या फडक्यात धरून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ नेले आणि मार म्हणालो. इंजिन फिरले, पण ठिणगी पडली नाही. कॉइलकडून येणारी मुख्य वायर तशीच धरून पाहिली. तिथेही काही नाही.

“उत्तर आलं का?”

“नाही.”

“मग उदाहरण पुन्हा सोडवा. हात आखडता घेऊ नका, पेपर लांब आहे.”

मी पुन्हा सोडवले. माझ्याजवळ दोन वायरींचा एक तपासणीचा दिवा असतो. त्याची एक वायर बॅटरीला लावून मी दुसरी कॉइलच्या एका टोकाला टेकवली. दिवा लागला, म्हणजे वीज कॉइलपर्यंत पोहोचत होती. दुसऱ्या टोकाला टेकवून सेल्फ मारायला सांगितले. इंजिन फिरत असताना या ठिकाणी दिवा लुकलुकायला हवा, कारण पेटी वीज जोडत आणि तोडत असते. दिवा स्थिर राहिला. पेटी काम करत नव्हती. संवेदकाच्या वायरी पाहिल्या, जोड हलवून पाहिले, आतले अंतर पाहिले. सगळे जागेवर होते. शेवटी एकच निष्कर्ष उरला, की पेटी जळाली. जुने पॉइंट बरोबर असते तर तेच परत बसवून घरी पोहोचता आले असते. ते घरी, फळीवरच्या डब्यात होते. नव्या जोडणीवर माझा इतका विश्वास होता, की जुने बरोबर बाळगावे असे मला कधी वाटले नाही.

फोनला रेंज नव्हती. बऱ्याच वेळाने मोटारसायकलवर भाताची गोणी घेऊन गिरणीकडे निघालेला एक गृहस्थ थांबला. त्याने माझे ऐकून घेतले, जीपमध्ये डोकावून पत्नीकडे पाहिले आणि मोटारसायकलवर तिला बसवता येणार नाही हे त्याचे त्यालाच कळले. नाक्यावर गेल्याबरोबर रिक्षा धाडतो, असे म्हणून तो गेला. मी त्याचे आभार मानले, पण मनात त्याच्या शब्दावर फारसे वजन ठेवले नाही. दिवाळीच्या तोंडावर नाक्यावरची रिक्षा सोडून या खड्ड्यांत कोण येईल, असा माझा हिशोब.

मग आम्ही वाट पाहत राहिलो. सावली आक्रसत गेली. मी दर थोड्या वेळाने बोनेटखाली जाई आणि तपासलेलेच पुन्हा तपासे. एकदा वर पाहिले तर पत्नी मान मागे टेकून तोंडाने श्वास घेत होती. “मारू का सेल्फ?” असे तिने विचारले नाही. उत्तराविषयी काही बोलली नाही. तिची थट्टा थांबली, आणि मला कळले की आता वेळ खरोखर थोडा आहे. तिच्या छातीत पाणी साचू लागले की आधी ती बोलायची थांबते, हे मी दोन वर्षांत शिकलो होतो.

त्या क्षणी मी देवीला काही विचारले नाही. हे मी आज ठरवून लिहीत नाही. तेव्हा प्रश्न आठवलाच नाही. रस्त्याच्या कडेला, काळ्या झालेल्या हातांनी, मी फक्त म्हणालो, “मला येत होते ते सगळे करून झाले. आता मला काही समजत नाही. तू बघ.” अशी प्रार्थना मी आयुष्यात कधी केली नव्हती, कारण ‘मला समजत नाही’ हे वाक्य मी कधी कुणापुढे सहज म्हटले नव्हते.

बोलणे थांबल्यावर माणसाला ऐकू येऊ लागते. खर्र, खर्र असा एक आवाज जवळून येत होता. तो बहुधा बराच वेळ चालू असावा, पण मी ठिणगीच्या मागे होतो. रस्त्यापासून थोड्या आत, करंजाच्या झाडाखाली, एक वयस्कर बाई उकिडवी बसून एका उभ्या दगडाला मोडक्या विळ्याच्या पात्याने खरवडत होती. तो जवळच्या पाड्याचा देव होता. पाड्यावर एखादे वाहन आहे का, हे विचारावे म्हणून मी गेलो. तिने नाही म्हटले; एक छोटा टेम्पो होता, तो सकाळीच भात घेऊन गेला होता. मग तिने जीपकडे पाहून विचारले, “बायला बरा नाय का? पानी दिऊ?”

पाणी मोजूनच प्यावे लागते, असे मी सांगितल्यावर ती जरा गोंधळली. तहानलेल्या माणसाला पाणी नको, हे तिला पटले नसावे. तरी वाद न घालता ती लोटा घेऊन उठली, जीपशी गेली, पदराचे टोक भिजवून तिने माझ्या पत्नीचा चेहरा आणि मान पुसली, थोडा वेळ पदरानेच वारा घातला आणि परत येऊन कामाला लागली. दगडावर शेंदराचा जाड थर होता. पात्याखाली त्याचे पापुद्रे पडत होते, आत जुना गडद लाल, त्याच्याही आत काळपट.

मी तिथेच उभा होतो. हातांना काही काम नव्हते आणि शिक्षकाची जीभ रिकामी राहत नाही. मी विचारले, की दगडावर एवढा शेंदूर आहे, मग नवा त्याच्यावरच का लावत नाही? हे काढण्याचे कष्ट कशाला?

तिने वर न पाहता सांगितले, “वरून लावला तर शेंदूर शेंदराला लागतो. देवाला लागतच नाय. पोरा दर साली वरूनच फासतात, तेना घाई. देव बसलाय आत घुसमटून.” आणि मग पाते पुन्हा टेकवून म्हणाली, “वाघबारशीच्या आदी समदा काढायचा. दगड दिसला पायजे. मंग नवा.”

मी तिच्या हाताकडे पाहत होतो. शेंदराचा एक मोठा पापुद्रा निघाला आणि खालचा दगड दिसला, ओबडधोबड, करडा, थंड. आणि मला माझाच पत्रा आठवला. घासलेला, अस्तर दिलेला, हिरव्या रंगाचे दोन हात दिलेला.

वीज कुठल्याही उपकरणात नुसती पोहोचून भागत नाही; तिला परतीची वाट लागते. गाडीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंडच. बॅटरीचे एक टोक लोखंडाला बांधलेले असते आणि प्रत्येक उपकरणाला त्या लोखंडाचा स्पर्श असावा लागतो. त्यालाच आपण अर्थिंग म्हणतो. काळ्या पेटीचा स्पर्श त्या काळ्या वायरच्या गोल टोकातून होत असे, आणि ते टोक मी माझ्या हाताने नव्या रंगावर बसवले होते. रंग वीज जाऊ देत नाही. इतके दिवस बोल्टाच्या आट्यांतून कसाबसा संपर्क टिकून असेल. खड्ड्यातल्या धक्क्याने बोल्ट किंचित सैल झाला आणि तोही गेला. मी बॅटरीचे अर्थिंग तपासले होते, इंजिनाचे तपासले होते. पेटीचे तपासले नव्हते, कारण ते काम नुकतेच, मन लावून, देवीसाठी केलेले होते. त्यात दोष असेल अशी शंका माझ्या संशयी मनालाही शिवली नाही.

मी त्या बाईकडे विळ्याचे पाते मागितले. तिने माझ्याकडे आणि मग पात्याकडे पाहिले.

“घ्या. पन परत द्या, देवाची पाठ रायलीय अजून.”

बोल्ट बोटांनीच फिरला, इतका तो सैल होता. मी वायरचे टोक बाजूला केले आणि त्या पात्याने पत्र्यावरचा रंग खरवडू लागलो. आधी हिरवा, मग अस्तराचा तांबूस, आणि मग नाण्याएवढ्या जागेत उघडे, चकचकीत लोखंड. पात्याला शेंदराचा तेलकट अंश होता, म्हणून ती जागा रुमालाने कोरडी केली. टोक तिच्यावर ठेवले, बोल्ट आवळला. पत्नीला हाक मारली. तिने डोळे उघडले, किल्लीवर हात ठेवला आणि फिरवली. इंजिन पहिल्याच फेरीला सुरू झाले.

मी बोनेटच्या कडेला हात टेकून इंजिनाचा आवाज ऐकत उभा होतो. मग आतून, दम घेत घेत, तिचा आवाज आला, “आलं वाटतं उत्तर.”

पाते परत द्यायला गेलो तेव्हा मी त्या बाईला सांगण्याचा प्रयत्न केला, की तुमच्या बोलण्यामुळेच मला दोष सापडला. मीही असाच वरून रंग लावला होता, आणि तो खरवडल्यावर गाडी चालू झाली. तिने ते शांतपणे ऐकले.

“गाडीलाबी शेंदूर लावलेला व्हता का तुमी?” तिने विचारले.

मी हो म्हणालो. तेव्हा ते वेगळे समजावून सांगायला वेळ नव्हता, आणि आज वाटते की समजावण्यासारखे वेगळे काही नव्हतेही. तिने पाते घेतले आणि देवाच्या पाठीकडे वळली. मी त्या अर्ध्या उघड्या दगडाला नमस्कार केला आणि निघालो.

पुढे जे घडले ते मला गाळता येत नाही; ते गाळले असते, तर ही हकीकत अधिक नेटकी झाली असती. आम्ही थोडेसेच पुढे गेलो असू, तोच समोरून एक रिक्षा खड्डे चुकवत येताना दिसली, आणि तिच्या पुढे वाट दाखवत तोच मोटारसायकलवाला होता. गोणी गिरणीवर उतरवून तो परत आला होता. नाक्यावर रिक्षा मिळाली नाही म्हणून त्याने पुढच्या गावातून शोधून आणली, त्यात उशीर झाला, असे तो ओशाळून सांगू लागला. मी उतरून त्याचे दोन्ही हात धरले. रिक्षावाला म्हणाला, “काका, गाडी पुन्हा बंद पडली तर? मी मागे मागे येतो हायवेपर्यंत.” आणि खरोखर हायवे दिसेपर्यंत ती रिक्षा आमच्या मागून येत राहिली.

वसईत पोहोचलो तेव्हा तिची वेळ उलटून गेली होती. मुलीला रेंज येताच फोन केला होता, ती आधीच केंद्रात येऊन उभी होती. परिचारिकेने पत्नीची खाट कुणाला दिली नव्हती. तिला आत घेतले, प्राणवायू लावला, हात यंत्राला जोडला. मी बाहेर बाकावर बसलो. संध्याकाळी आत बोलावले तेव्हा तिचा श्वास संथ झाला होता आणि तिने मला पाहून पहिला प्रश्न केला तो हाच, की हात का धुतले नाहीत. माझ्या नखांत हिरवा रंग आणि शेंदूर दोन्ही होते.

त्या बाकावर बसून मी जो विचार केला, तो आजही पुरता झालेला नाही. जे घडले त्याला चमत्कार म्हणावे, असा माझा आग्रह नाही. दोष कुठे होता, तो कसा निर्माण झाला आणि कसा दूर झाला, याची प्रत्येक पायरी मी कुणालाही फळ्यावर काढून दाखवू शकेन. तिथे त्याच दिवशी, त्याच झाडाखाली ती बाई खरवडत का बसली होती, हे मात्र मला फळ्यावर काढता येणार नाही. आणि त्याहून अधिक मला ती रिक्षा आठवते. ती येतच होती. मला दोष सापडला नसता, मी पाते मागितले नसते, तरी आम्ही पोहोचलो असतो. कदाचित आणखी उशिरा, पण पोहोचलो असतो. ज्याच्या शब्दावर मी वजन ठेवले नाही, तो माणूस आमच्यासाठी गावोगाव फिरत होता. म्हणजे त्या दुपारी आम्हाला सांभाळणारे हात माझ्या हुशारीच्या आधाराने उभे नव्हते. हे ध्यानात आले, तेव्हा मला लहान झाल्यासारखे वाटायला हवे होते. प्रत्यक्षात खांद्यावरून मोठे ओझे उतरल्यासारखे वाटले.

मी देवीसाठी पुष्कळ केले होते. पूजा चुकवली नाही, ओटी चुकवली नाही, जिथे कुणी पाहत नाही तिथेही रंग दिला. आणि त्या प्रत्येक गोष्टीच्या वर माझा प्रश्न, माझे मोजमाप आणि माझे समाधान यांचे हात दिले. स्पर्श तेवढा राहून गेला. शरण जाणे म्हणजे देवाला आणखी काही वाहणे, असे मी समजत होतो. आता मला वाटते, की ते बहुतेक वेळा काहीतरी खरवडून काढणे असते, आणि त्याला पात्याची धार लागते.

पत्नीचे डायलिसिस एक दिवसाआड चालूच आहे. तिच्या आजारात काही बदल झालेला नाही आणि तो होईल असे मला कुणी सांगितलेले नाही. ‘हिलाच का?’ या प्रश्नाचे उत्तरही मिळालेले नाही. पण तो विचारल्यावाचून मी आता देवीपुढे उभा राहू शकतो. त्या दिवाळीत, वाघबारशीच्या आदल्या दिवशी, मी तेल आणि शेंदूर घेऊन त्या पाड्यावर गेलो. दगड पुरता मोकळा झाला होता. बाईने मला ओळखले, पुडा घेतला आणि हसून विचारले, “बाय बरी हाय ना? तिला आनायची व्हती.” पुढच्या वेळी आणतो म्हणालो, आणि आणलेही.

पुढच्या दसऱ्याला मी जीप पुन्हा घासूनपुसून पूजेला काढली. आतली ती नाण्याएवढी जागा मात्र तशीच उघडी ठेवली आहे. गंज चढू नये म्हणून बोल्ट आवळल्यावर वरून जराशी व्हॅसलीन लावतो, बाकी काही नाही. पूजेच्या वेळी पत्नीने बोनेट उघडायला सांगितले. हळदकुंकवाची बोटे तिने इंजिनाला लावली, बॅटरीच्या पेटीला लावली, आणि त्या जागेपाशी येऊन तिचा हात थांबला.

“इथे नको,” ती म्हणाली. “इथे तुम्ही नुसता नमस्कार करा.”

मी केला. मनात त्या वेळी काहीच नव्हते.